सेल्फ जड होतोय? आधी केबल मोजा: जुन्या गाडीच्या बॅटरी आणि अर्थ केबल स्वतः बनवताना

वैशाखातली दुपार. जळगावहून धुळ्याकडे निघालेली जुनी डिझेल जीप पारोळ्याला चहासाठी थांबते. सकाळी एका सेल्फला उठलेलं इंजिन आता दोनदा घर्र करतं आणि बसतं. चौघे खाली उतरून धक्का मारतात, गाडी चालू होते. दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी बसते. आठ-पंधरा दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. मग सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, खोलून बुश आणि कार्बन बदलले जातात. या सगळ्या खर्चात वीस वर्षांची ती काळी, ताठरलेली केबल मात्र जागच्या जागी असते, कारण ती दिसायला धड असते.

जुन्या गाड्यांत हा दोष फार वेळा केबलचा आणि तिच्या टोकांचा असतो. दोन मीटर केबल, चार-सहा थिंबल (केबलच्या टोकावर दाबून बसवायचे, बोल्टसाठी भोक असलेले तांब्याचे तुकडे) आणि उधार आणलेलं क्रिम्पिंगचं, म्हणजे थिंबल दाबायचं हत्यार एवढ्यावर तो कायमचा जाऊ शकतो. पण काम नीट समजून करायला हवं. बाजारात जी तयार बॅटरी वायर लटकवलेली असते, ती पुष्कळदा जुन्या केबलपेक्षाही वाईट असते.

व्होल्ट जातात कुठे

विहिरीवर पाच एचपीची मोटर बसवली आणि पाइप पाऊण इंचाचा टाकला, तर मोटर कितीही दणकट असली तरी शेताच्या टोकाला धार बारीकच पडते. सेल्फचं तसंच आहे. बॅटरीत दम असतो, सेल्फमध्ये ताकद असते, पण मधली वाट अरुंद असते. फरक एकच. पाणी शेतात सोडलं की आपलं काम संपतं. करंटला मात्र जितकं गेलं तितकं परत बॅटरीत यावं लागतं. जाण्याची वाट म्हणजे लाल केबल. येण्याची वाट म्हणजे इंजिनचा ब्लॉक, त्याला जोडलेली अर्थ केबल, चॅसिस आणि बॅटरीचा निगेटिव्ह पोल. लोक लाल केबल बदलतात आणि परतीची वाट विसरतात. आमच्या मते जुन्या गाडीचं निम्म्याहून जास्त दुखणं त्या परतीच्या वाटेवर असतं, कारण तिथला बोल्ट चिखल, डिझेल आणि गंज यांच्यात दडलेला असतो.

आकडे पाहिले की चित्र स्पष्ट होतं. मारुती ८०० सारखं लहान पेट्रोल इंजिन फिरवताना सेल्फ साधारण १०० ते १२५ अँपिअर ओढतो. दोन-अडीच लिटरचं डिझेल इंजिन २५० ते ३०० ओढतं, आणि पहिल्या झटक्याला त्याहून बरंच जास्त. एवढ्या करंटला मिलिओहमही (ओहम हे अडथळ्याचं माप, त्याचा हजारावा भाग) महाग पडतात. एका गंजलेल्या जोडात ६ मिलिओहम अडथळा धरा. १५० अँपिअर जाताना तिथे ०.९ व्होल्ट खर्च होतात आणि १३५ वॅट उष्णता तयार होते, म्हणजे जुन्या शंभरच्या बल्बपेक्षा जास्त, तीही एका नटबोल्टात. बॅटरीवर १०.५ व्होल्ट दिसत असतात, सेल्फला मात्र साडेनऊच मिळतात.

यात खान्देशातला उन्हाळा भर घालतो. भुसावळ-जळगावला मे महिन्यात सावलीत पारा ४५ च्या आसपास असतो आणि बंद बोनेटखाली थांबलेल्या इंजिनाजवळ केबल सहज ७५ अंशांपर्यंत तापते. तांब्याचा अडथळा दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २० अंशांना जेवढा असतो, त्याच्यापेक्षा ७५ अंशांना पाचव्या हिश्शाने जास्त. सेल्फच्या आतली गुंडाळीही तांब्याचीच, तीही तापलेली. म्हणून ‘सकाळी चालते, गरम झाल्यावर चालत नाही’ असं गाऱ्हाणं आलं की पहिला संशय केबलवर घ्यावा. पौषातल्या थंडीत उलटं होतं. केबल सुधारते, पण इंजिन ऑइल घट्ट होतं, बॅटरी मंदावते आणि डिझेलला जास्त वेळ फिरवावं लागतं. अशक्त केबल दोन्ही मोसमांत उघडी पडते.

काही विकत घेण्याआधी मीटर लावा

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. २० व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. इंजिन चालू होता कामा नये: पेट्रोल गाडीत इग्निशन कॉइलची बारीक वायर काढा, जुन्या डिझेलमध्ये स्टॉपची नॉब ओढून धरा. दुसऱ्या माणसाला चावी द्या आणि एका वेळी आठ-दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू देऊ नका. मधे मिनिटभर थांबा.

आधी सेल्फ न मारता बॅटरी बघा. भरलेली आणि निवांत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ असेल तर आधी चार्ज करा, नाहीतर पुढचे आकडे फसवतील. मग सेल्फ मारताना बॅटरीच्या शिशाच्या पोलवरच पिना टेकवून वाचा. ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी दुबळी आहे किंवा सेल्फ अडकतो आहे.

त्यानंतर खरी परीक्षा. लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोलवर आणि काळी पिन सेल्फच्या त्या बोल्टवर, जिथे जाड केबल येते. सेल्फ मारला की मीटर जो आकडा दाखवेल तो त्या केबलने खाल्लेला व्होल्ट. ०.२ पर्यंत चालेल. मग एक पिन निगेटिव्ह पोलवर, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर, रंग नसलेल्या धातूवर खरवडून. इथेही ०.२. शेवटी ब्लॉक आणि बॉडी यांच्यात. पिन पोलवर टेकवायची, क्लॅम्पवर (पोलला आवळलेल्या केबलच्या पकडीवर) नाही, कारण पोल आणि क्लॅम्प यांच्यामधली पांढरी-हिरवी साय हाच बऱ्याचदा गुन्हेगार असतो आणि क्लॅम्पवर पिन ठेवली की तो मोजमापातून सुटतो. पोलवर ठेवून ०.८ आणि क्लॅम्पवर ठेवून ०.१५ आलं, तर केबल बदलायची गरजच नाही. गरम पाणी, खाण्याचा सोडा आणि पॉलिश पेपर एवढ्यावर काम होतं.

कोणती केबल, किती जाड

केबल वेल्डिंगची घ्या, पण तांब्याची. ही अट सोडू नका. वेल्डिंग केबल अतिशय बारीक तारांची असते, २५ ची (म्हणजे २५ चौरस मिलिमीटर तांब्याची) केबल ०.२ मिलिमीटरच्या तारांची असेल तर त्यात जवळपास ८०० तारा येतात. म्हणून ती वळते आणि इंजिनच्या हादऱ्यात तुटत नाही. वरचं रबर तेल-उष्णता सहन करणारं मिळतं, दुकानात त्याला एचओएफआर म्हणतात, तेच मागा. घरातल्या फिटिंगची किंवा पंपाची सात तारांची जाड वायर उरली आहे म्हणून ती गाडीत घालू नका. ती ताठ असते, थिंबलच्या तोंडाशी वर्ष-दोन वर्षांत मोडते आणि तिचं साधं पीव्हीसी ७० अंशांच्या पुढे मऊ पडतं.

अडचण अशी की वेल्डिंग केबल अ‍ॅल्युमिनियमचीही येते आणि बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तारही फिरते. मुलाम्याची तार दिसायला तांब्यासारखीच लालसर. तिची ओळख पटवायला दुकानातच एक तार ओढून ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसलं की परत ठेवा. पटलं नाही तर ती तार गॅसच्या ज्योतीत धरा: तांबं लाल होऊन काळं पडतं, अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळतं म्हणून तार लोळते किंवा तुटून पडते. वजनही सांगतं. २५ च्या केबलच्या एका मीटरमध्ये फक्त तांबंच सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरतं. अ‍ॅल्युमिनियमचा अडथळा तांब्याच्या दीडपटीहून जास्त, शिवाय दाबाखाली ते हळूहळू पसरतं आणि जोड ढिला होतो.

दुकानदार ‘पंचवीस एमएम’ म्हणतो तेव्हा तो व्यास नसतो, तांब्याच्या कापाचं क्षेत्रफळ असतं, २५ चौरस मिलिमीटर. अशा बारीक तारांच्या तांब्याच्या केबलचा मीटरमागे अडथळा, २० अंशांना, असा धरतात: १६ ला १.२१ मिलिओहम, २५ ला ०.७८, ३५ ला ०.५५, ५० ला ०.३९. आता गुणाकार तुम्हीच करू शकता. लहान पेट्रोल गाडी, १ मीटर केबल, १२० अँपिअर: १६ ची केबल ०.१४५ व्होल्ट खाते, २५ ची ०.०९४. डिझेल जीप, १.२ मीटर, ३०० अँपिअर: २५ ची ०.२८ खाते, ३५ ची ०.२०, ५० ची ०.१४. आणि उन्हाळ्याचा पाचवा हिस्सा यात अजून धरलेला नाही. म्हणून लहान पेट्रोल गाडीला २५, जुन्या डिझेल जीप-सुमोला ५०, आणि बॅटरी सीटखाली किंवा मागे असेल, केबल दोन मीटरच्या पुढे जात असेल तर ७०. अर्थची केबल लाल केबलइतकीच जाड हवी. करंट तेवढाच परत येतो, मग परतीची वाट बारीक का ठेवायची? तरीही मोकळ्या बाजारातल्या तयार सेटमध्ये काळी केबल लालपेक्षा बारीक निघते, ती उलटून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

थिंबल तांब्याचे, कथिलाचा मुलामा दिलेले, जाड नळीचे घ्या. त्यावर ‘२५-८’ असे आकडे असतात: पहिला केबलचा, दुसरा भोकाचा. सेल्फचा बोल्ट बहुधा ८ मिलिमीटरचा असतो, काही डिझेलांत १०. बॉडीचे बोल्ट ६, ८ किंवा १०. घरून मोजून जा. आठच्या बोल्टला बाराचं भोक असलेला थिंबल लावला तर त्याला टेकायला जागाच उरत नाही. दोन थिंबल जास्तीचे आणा, ते लागणार आहेत.

पोलसाठी क्लॅम्प निवडताना बॅटरीचा पोल जाड की बारीक हे बघा. पुष्कळ लहान गाड्यांच्या बॅटऱ्यांना बारीक पोल असतात, मोठ्यांना जाड, आणि दोन्हींतही पॉझिटिव्ह निगेटिव्हपेक्षा थोडा जाड असतो. जाड पोलचा क्लॅम्प बारीक पोलवर पूर्ण आवळूनही फिरतो, मग तिथे खिळा ठोकण्याची किंवा तार गुंडाळण्याची पद्धत आहे. त्याने करंट दोन-तीन टोकांवरून जातो आणि पोल वितळल्याचे प्रसंग येतात. बारीक पोलला शिशाची टोपी मिळते ती घाला किंवा योग्य मापाचा क्लॅम्प घ्या. ज्या क्लॅम्पमध्ये उघडी तार दोन स्क्रूंच्या पट्टीखाली दाबायची असते, तो फक्त रस्त्यावर अडलं तर वापरायचा. कायमसाठी असा क्लॅम्प घ्या, ज्याला उभा बोल्ट असतो आणि त्यावर थिंबल बसतो.

लांबी मोजायला ठिबकची नळी

जुनी केबल काढून तिच्या मापाने नवी कापणं सोपं वाटतं, पण जुनी केबल कुणीतरी आधीच आखूड करून ताणून बसवलेली असू शकते. दोरीने माप घ्यावं तर दोरी कुठेही मोडते, केबल मोडत नाही. आपल्याकडे शेताच्या बांधावर १६ मिलिमीटरच्या ठिबकच्या नळीचे तुकडे पडलेले असतात. त्यातला दीड-दोन मीटरचा तुकडा घ्या. जाडी ५० च्या वेल्डिंग केबलच्या जवळपास, वळणही तसंच मोकळं घेते आणि जास्त वाकवली की चिमटते. चिमटली म्हणजे ते वळण केबललाही जाचणार. बॅटरीच्या पोलपासून सेल्फपर्यंत ती जशी केबल जाणार तशी फिरवा: सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब, डिझेलच्या पाइपाला न बांधता, फॅन आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून दूर. इंजिन रबरच्या माउंटिंगवर बसलेलं असतं आणि सेल्फ मारताना एका बाजूला झुकतं, म्हणून इंजिनच्या टोकाशी चार-पाच सेंटिमीटर ढील ठेवा. मग नळीवर मार्करने खूण करा आणि त्या मापाने केबल कापा.

नळीचा उपयोग तेवढाच. तीच नळी केबलवर संरक्षण म्हणून चढवण्याचा मोह होतो आणि पुष्कळ गाड्यांत ती दिसते. तापलेल्या इंजिनाशेजारी ते प्लॅस्टिक मऊ होतं, चिकटतं आणि जळतंही. मॅनिफोल्डजवळून जायलाच लागलं तर काचतंतूची फायबर स्लीव्ह घाला.

कापणं, सोलणं, दाबणं

कापण्याच्या जागी इन्सुलेशन टेपचे दोन वेढे द्या आणि टेपच्या मधोमध कापा. केबल कटर नसेल तर बारीक दातांचं हॅकसॉ ब्लेड चालतं, पण जोर न देता. पक्कडीने चावून कापलेलं टोक चपटं होतं आणि थिंबलमध्ये जात नाही. तिथेच लोक चार तारा कापून टोक ‘बसवतात’. ज्या तारा कापल्या तेवढी केबल बारीक झाली, हे लक्षात ठेवा.

थिंबलच्या नळीची आतली खोली मोजा, त्यात २ मिलिमीटर मिळवा, तेवढंच रबर सोला. चाकू रबराच्या तीन चतुर्थांश जाडीपर्यंतच फिरवा, मग केबल वाकवा, उरलेलं रबर त्या रेषेवर आपोआप फाटतं आणि तारांना धार लागत नाही. तारा लखलखीत असल्या पाहिजेत. काळपट दिसल्या तर आणखी दोन इंच मागे कापा. तारांना पीळ द्या, पण कथील लावू नका.

आता सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट: थिंबल दाबण्याआधी हीट श्रिंकची (गरम केली की आवळणारी) नळी आणि रबरी टोपी केबलवर सरकवून ठेवा. दोन्ही टोकं दाबून झाल्यावर त्या चढत नाहीत.

दाबायला हायड्रॉलिक हॅन्ड क्रिम्पर लागतो, षटकोनी डायचा (डाय म्हणजे थिंबल दाबणारा साचा). विकत घ्यायची गरज नाही. बोअरवेलच्या मोटरी बसवणारे, डीपीची कामं करणारे वायरमन यांच्याकडे तो असतो. एका तासासाठी मागा, नाहीतर केबल-थिंबल त्यांच्याकडे घेऊन जा. डाय थिंबलच्या मापाचीच हवी. ३५ च्या थिंबलला ५० ची डाय लावली तर आत हवा राहते. बारीक डाय लावली तर थिंबलच्या दोन्ही कडांना तांब्याच्या मिशा येतात आणि तारा चिरडतात. पहिला दाब भोकाच्या पट्टीकडच्या बाजूला, दुसरा तिथून केबलच्या दिशेने सरकून. दाबण्याआधी थिंबलच्या छोट्या छिद्रातून तांबं दिसतं का बघा, दिसलं नाही तर केबल पूर्ण आत गेलेली नाही.

खऱ्या केबलला हात लावण्याआधी एक नमुना बनवा. उरलेल्या तुकड्यावर जास्तीचा थिंबल दाबा आणि दाबाच्या मधोमध हॅकसॉने आडवा काप घ्या. कापाला पॉलिश पेपर मारून उन्हात धरा. जोड चांगला असेल तर शेकडो तारा एकमेकींत दबून मधमाशीच्या पोळ्यासारख्या कोनदार झालेल्या दिसतात, कडेच्या नळीपर्यंत सलग तांबं, मधे एकही काळा ठिपका नाही. तारा अजून गोल दिसत असतील आणि त्यांच्यामध्ये अंधार असेल, तर त्या फटींत पावसाळ्यात ओल शिरणार आणि वर्षभरात हिरवं पडणार. ज्याने एकदा हा काप पाहिला, तो पुन्हा हातोडी आणि छिन्नीने थिंबल ठोकत नाही.

कथील ओतून जोडावं का, हा प्रश्न नेहमी येतो. नुसत्या कथिलावर विसंबलेला जोड आम्ही गाडीत घालणार नाही. कथील तारांच्या फटींतून रबराखाली वर चढतं, तेवढा भाग सळईसारखा ताठ होतो आणि जिथे कथील संपतं तिथेच हादऱ्याने तारा तुटतात. शिवाय नेहमीचं कथील १८३ अंशांना पातळ व्हायला लागतं, आणि सेल्फ अडकून जोड तापला की तिथवर जायला वेळ लागत नाही.

एक टोक झालं की दुसरं लगेच दाबू नका. पहिलं टोक गाडीत बोल्टवर हलकं अडकवा, केबल तिच्या वाटेने न्या, दुसरा थिंबल नुसता घालून तो कोणत्या कोनात सपाट बसतो ते बघा आणि थिंबलपासून रबरावर मार्करची एक सरळ रेघ ओढा. मग बाहेर काढून रेघ जुळवून दाबा. ५० ची दीड मीटरची केबल हाताने पीळून वळत नाही. थिंबल वाकडा बसला तर तो कायम बोल्टला पिळत राहतो. शेवटी थिंबल शिकंज्यात धरून केबलला अंगाचा जोर लावून ओढा, तसूभरही सरकता कामा नये. आतून गोंद असलेली हीट श्रिंक थिंबलच्या नळीवर आणि रबरावर प्रत्येकी २ सेंटिमीटर येईल अशी बसवा आणि कडेने गोंदाचा थेंब दिसेपर्यंत गरम करा. ही आच टेबलावर द्यायची, बॅटरीजवळ नाही. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेट घेतो.

अर्थ: कुठे, कशी

बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक जाड केबल थेट इंजिन किंवा गिअरबॉक्सच्या बोल्टवर, शक्य तितकी सेल्फच्या जवळ. निगेटिव्हपासूनच दुसरी, १६ ची, बॉडीला. आणि इंजिनपासून चॅसिसला तिसरी, केबल किंवा विणलेली तांब्याची पट्टी. ही तिसरी बऱ्याच जुन्या गाड्यांत तुटून पडलेली असते किंवा इंजिन उतरवल्यावर परत लावलेलीच नसते. मूळ रचनेत बॅटरी फक्त चॅसिसला जोडलेली असेल तर सेल्फचा सगळा करंट त्या एका पट्टीवरून परतायला हवा, आणि पट्टी नसली की तो अ‍ॅक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या वायरवरून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर अ‍ॅक्सिलरेटरची वायर गरम लागते, तिचं प्लॅस्टिक वितळतं, ती अडकायला लागते. त्या तक्रारीवर नवी वायर टाकून काही होत नाही. हेडलाइट लावताच तापमानाचा काटा उड्या मारतो, हीही अर्थ कमजोर असल्याची खूण.

बोल्टखालची जागा रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडा. रंग, प्रायमर, अंडरकोटिंग काहीही उरू देऊ नका. थिंबल सरळ त्या धातूवर, त्यावर दातेरी वॉशर, मग नट. वॉशर थिंबल आणि धातूच्या मधे गेला की सगळा करंट त्या पातळ लोखंडातून जातो. आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा व्हॅसलिन लावा, आधी नाही. रावेर-यावल पट्ट्यात केळीसाठी पोटॅश, युरियाच्या गोण्या याच जीप-पिकअपमधून जातात. त्याची सांडलेली पूड ओल धरते आणि तांब्याला खाते, म्हणून मागच्या बाजूचे अर्थ पॉइंट पावसाळ्यापूर्वी धुऊन, सुकवून पुन्हा ग्रीस करावेत.

बसवणं आणि पुन्हा मोजणं

काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला आणि निगेटिव्ह जोडलेला असला, तर बॅटरी पान्यातूनच शॉर्ट होते, पाना लाल होतो आणि हात भाजतो. अंगठी, घड्याळ काढून ठेवा. १९६० च्या दशकापर्यंतच्या काही ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो. तसली गाडी असेल तर कोणता पोल बॉडीला जोडला आहे ते काढण्याआधीच लिहून ठेवा.

जुन्या पॉझिटिव्ह क्लॅम्पवर बारीक वायरीही असतात. त्यांतली एखादी फ्युजिबल लिंक असते, म्हणजे शॉर्ट झाला तर आधी स्वतः जळून गाडी वाचवणारी. तिच्याऐवजी ‘जाड आणि चांगली’ वायर घालू नका. सेल्फच्या मुख्य केबलला फ्यूज नसतो, त्यामुळे ती जिथे पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट आणि दर वीस-पंचवीस सेंटिमीटरला रबर लावलेली क्लिप हवीच. ती घासून उघडी पडली तर गाडी पेटते. सेल्फचा बोल्ट तांब्याचा असतो आणि प्लॅस्टिकच्या टोपीत बसवलेला असतो. खालचा नट दुसऱ्या पान्याने धरून वरचा आवळा, लांब पाना लावून अंगाचा जोर दिला तर आतला बोल्ट फिरतो आणि सॉलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) बदलावा लागतो.

मग सुरुवातीची तीच मोजमापं, त्याच ठिकाणी पिना ठेवून. नीट बनवलेल्या केबलवर प्रत्येक बाजूला ०.१ ते ०.१५ व्होल्ट यायला हवेत. एका बाजूला जास्त आले तर पिन टप्प्याटप्प्याने सरकवा: पोल ते क्लॅम्प, क्लॅम्प ते थिंबल, थिंबल ते केबलचं दुसरं टोक, थिंबल ते बोल्ट. जिथे आकडा एकदम उडी घेतो, तिथे काम बाकी आहे. गाडी चालू करून हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं लावा आणि ब्लॉक ते बॉडी मोजा, ०.१ च्या आत हवं. आठवड्याने सगळे नट एकदा पुन्हा आवळा, कारण शिसं आणि तांबं दाबाखाली थोडं बसतं. आलेले आकडे तारखेसह कागदावर लिहून तो बोनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावा आणि पुढच्या मे महिन्यात, दुपारी, तापलेल्या इंजिनावर तीच मोजणी पुन्हा करा.